तीन नंबरचं इंजिन

ट्रुगानिना, मेलबर्न
१४ एप्रिल २०२५

प्रिय विश्राममामा,

परवा फोनवर मी चांगली पाच मिनिटं तुम्हाला माझ्या पेशंटबद्दल सांगत होते आणि शेवटी तुम्ही "हो हो, लेकीला आशीर्वाद सांग" म्हणून फोन ठेवून दिलात! त्या लिबरेटर विमानाच्या इंजिनांनी तुमचे कान खाल्ले ते खाल्लेच. तेव्हाच ठरवलं, मामाशी आता लिहूनच बोलायचं. मी ईमेल करते, तुमची सूनबाई चिन्मयी मोठ्या अक्षरांत छापून तुमच्या हातात देईल. तुम्ही तुमच्या शाईच्या पेननेच लिहा, ती फोटो काढून मला पाठवेल.

मी इथे रिहॅबमध्ये फिजिओ आहे हे तुम्हाला माहीतच आहे. हाडं मोडलेली म्हातारी माणसं ऑपरेशन झालं की आमच्याकडे येतात आणि त्यांना परत चालतं करणं हे माझं काम. सध्या माझ्याकडे क्लॅरी डनस्टन नावाचे आजोबा आहेत. वय एकशे एक. गुलाबांना पाणी घालताना पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन उत्तम झालंय, पण ते उभंच राहायला तयार नाहीत. दोघींनी धरून उठवलं तरी पाय जमिनीला लावत नाहीत. "राहू दे गं, माझी इनिंग झाली खेळून," म्हणतात. ह्या वयात माणसाने अंथरूण धरलं की छाती भरते आणि मग फार दिवस लागत नाहीत. त्यांची मुलगी जॅनिस स्वतः सत्तरीची आहे. रोज तासाभरावरच्या जिलाँगहून येते आणि कॉरिडॉरमध्ये उभी राहून रडते.

काल तिने त्यांच्या उशाशी एक जुना फोटो आणून ठेवला. चार इंजिनांचं धिप्पाड विमान, दोन शेपट्या, आणि खाली उघडी-वाघडी उभी हसरी पोरं. मी सहज म्हटलं, "हे लिबरेटर ना? माझे मामा पुण्याला ह्याच विमानावर फ्लाइट इंजिनिअर होते."

क्लॅरींनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवून पाहिलं. "कधी?"

"साठ सालानंतर."

"रबिश! तोवर सगळी लिबरेटर भंगारात गेली होती. तुझ्या मामाने तुला बनवलंय." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मामा, तीन आठवड्यांत ते इतकं पहिल्यांदाच बोलले! तुम्ही त्यांना काहीतरी लिहा ना. मी इंग्रजी करून वाचून दाखवेन. तुम्हाला हे सगळं कळवण्याची परवानगी मी त्यांच्याकडून आणि जॅनिसकडून घेतली आहे.

तुमची,
मयूरा


धानोरी, पुणे
१९ एप्रिल २०२५

चि. मयूरा, अनेक आशीर्वाद.

रबिश म्हणतो काय! वाच त्याला पुढचं, अगदी सावकाश.

लढाई संपल्यावर तुम्ही लोक ती विमानं कानपूरला टाकून गेलात. नुसती टाकली नाहीत, आमच्या हाती लागू नयेत म्हणून मोडतोड करून टाकली. आमच्या लोकांनी ती तशीच ठाकठीक केली, बंगळूरला उडवत नेली आणि तिथे नव्यासारखी करून घेतली. मी लोहगावच्या हवाई तळावर रुजू झालो तेव्हा विमानाचं आणि माझं वय जवळपास एकच होतं. अडुसष्ट सालापर्यंत आम्ही ती समुद्रावर गस्तीला नेली. तू भंगार म्हणतोस त्या भंगाराने माझं लग्न जमवलंय. तुझी मामी लोहगावच्या रस्त्याने कॉलेजला जायची आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला हात करायची. त्यात मीच बसलेला असतो असं मी तिला पटवून दिलं होतं.

आता त्याची परीक्षा. खरा लिबरेटरवाला असेल तर बॉम्बखान्याची दारं कशी उघडतात ते सांगू दे. आणि सैन्यात होता तर केलं काय, तेही सांगू दे. फोटोत उभं राहायला काय, कोणीही राहतो.

त्याला म्हणावं, उठ आणि चालायला लाग. माणसाने पाय हलवते ठेवावेत. मी ब्याऐंशीचा, पण रोज सकाळी टेकडीपर्यंत जाऊन येतो. जेवण झकास, झोप झकास. काळजी नसावी.

तुझा,
विश्राममामा


ट्रुगानिना
२ मे २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र क्लॅरींनी दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "कानपूरची गोष्ट मला माहीत नव्हती. बरं झालं, कोणाच्या तरी उपयोगी पडली पोरी." (विमानांना ते पोरी म्हणतात.) आणि तुमच्या परीक्षेचं उत्तर: "दारं खाली लोंबत नाहीत. दुकानाचं शटर वर गुंडाळतात तशी बाजूने वर सरकतात. पास का?"

मग दोन दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. जॅनिसही ऐकत होती. तिलाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारी पंचेचाळीस. क्लॅरी तेव्हा वीस वर्षांचे, तुमच्यासारखेच फ्लाइट इंजिनिअर, बंगालमधल्या एका लाल मातीच्या धावपट्टीवर. पायलट होता मॅक, क्वीन्सलँडच्या उसाच्या शेतावरचा, तेवीस वर्षांचा. सगळे त्याला म्हातारा म्हणत. लक्ष्य होतं सयाममधलं, म्हणजे आताच्या थायलंडमधलं, एक रेल्वे यार्ड. जपान्यांचा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणारा दारूगोळा, तांदूळ, सैनिक, सगळं तिथे गाड्यांवर चढायचं. जाऊन-येऊन जवळजवळ चौदा तासांचा प्रवास, बहुतेक समुद्रावरून.

अडचण एकच होती. यार्डाच्या कुंपणाला लागून युद्धकैद्यांची छावणी होती. त्यात ऑस्ट्रेलियन, इंग्रज, डच. आपलीच माणसं. उंचावरून बॉम्ब टाकले तर एखादा छावणीत पडणारच. निघायच्या आधी मॅकने सगळ्यांना गोळा करून विचारलं, "मी झाडांच्या शेंड्यांवरून जाणार आहे. खालच्या तोफा आपल्याला दगड मारता येईल इतक्या जवळून बघतील. कोणाला उतरायचंय?" कोणी उतरलं नाही. मागचा गनर म्हणाला, "एवढ्या खालून जाणार असलास तर मी तिकिटाचे पैसे देणार नाही."

आणि गेले, मामा! क्लॅरी सांगत होते, "इंजिन शेडच्या दारात उभा असलेला माणूस मला दिसला. त्याच्या हातात चहाचा मग होता." बॉम्ब उशिरा फुटणारे होते, म्हणून आपल्याच स्फोटात न सापडता विमान पुढे सटकलं. मग मागे सगळं यार्ड उठलं. रेल्वेची इंजिनं कुशीवर आडवी झाली, दारूगोळ्याचे डबे एकामागून एक फुटत गेले, शेडचं छप्पर पत्त्यांसारखं हवेत उडालं. मागचा गनर नुसता ओरडत होता, "छावणी ठीक आहे! छावणी ठीक आहे!"

पण त्यांनाही लागलं. तीन नंबरचं इंजिन बंद पडलं आणि बॉम्बखान्याची दारं मिटेनात. दारं उघडी म्हणजे वारा भरणार, विमान जड होणार आणि पेट्रोल बंगालपर्यंत पुरणार नाही. तेव्हा क्लॅरी बॉम्बखान्यात उतरले. उभं राहायला वीतभर रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना उघडं, खाली समुद्र. आत पाऊस पडत होता, ते भिजून चिंब झाले होते. एका हाताने दांडा पकडून दुसऱ्या हाताने हँडल फिरवत फिरवत त्यांनी दारं मिटवली. चाकंही हातानेच उतरवली. ब्रेक नव्हते, तर उतरताना दोन्ही खिडक्यांतून पॅराशूट सोडली आणि विमान थांबवलं.

मला तर रडूच आलं. पण उभं राहण्याचं नाव काढलं की परत भिंतीकडे तोंड. तुम्ही शाबासकीचं चांगलं खणखणीत पत्र पाठवा. त्यांना बरं वाटेल.

मयूरा


धानोरी
८ मे २०२५

चि. मयूरा,

हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस. मरणाच्या दारातल्या माणसाला बोल लावणं बरं नव्हे. पण तू भोळी आहेस म्हणून तुला सांगतो. म्हातारा थापा मारतोय.

यार्डापर्यंतचं सगळं मी मान्य करतो. पुढे बघ. लिबरेटरला तीन नंबरचं इंजिन गेलं की हायड्रॉलिक, म्हणजे दारं, चाकं, ब्रेक चालवणारा तेलाचा दाब, जातो, कारण त्याचा पंप त्याच इंजिनावर असतो. इथवर बरोबर. पण असं होणार म्हणूनच विजेवर चालणारा एक जादा पंप बॉम्बखान्यातच बसवलेला असतो. बटण दाबलं की दारं मिटतात. मी स्वतः मिटवली आहेत. मग हा गडी वीतभर पट्टीवर लटकून हँडल कशाला फिरवत बसला? अडाणी होता, की सिनेमात काम करत होता?

दुसरं, आत म्हणे पाऊस पडत होता. अगं, फेब्रुवारीत त्या भागात पाऊस कुठला? ढगसुद्धा औषधाला मिळत नाही. त्याने दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐकली आहे आणि वरून स्वतःचं तिखट-मीठ लावलंय. ग्राउंड क्रूमध्ये असेल बिचारा. त्यातही कमीपणा काही नाही, पण तसं सांगावं.

तू मात्र त्याच्याशी गोड वाग. सांग, मामांनी शाबास म्हटलंय.

विश्राममामा


ट्रुगानिना
१५ मे २०२५

मामा! मामा! मामा!

नीट बसून वाचा.

सोमवारी मी खोलीत गेले तर क्लॅरी वाटच बघत होते. "आलं का तुझ्या मामाचं पत्र? वाच." मी फोनवर तुमचं अक्षर उघडलं आणि आपलं मनानेच काहीतरी गोड गोड सांगायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "मयूरा, पानभर पत्र आहे आणि तू दोनच वाक्यं बोललीस. मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. खरं काय लिहिलंय ते वाच."

वाचलं मी. सगळं. अडाणी, सिनेमा, थापा, सगळं. मामा, त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग टोमॅटोसारखा लाल झाला.

"पाऊस? पाण्याचा पाऊस कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात, आत पाऊस पडत होता, मी भिजलो..."

"पेट्रोल, बाई, पेट्रोल! वरची नळी फुटली होती! डोक्यावर, डोळ्यांत, तोंडात, सगळीकडे पेट्रोलचा पाऊस! आणि तो तुझा मामा म्हणतो बटण दाब! एक ठिणगी उडाली असती तर आम्ही दहाही जण चांदण्या होऊन गेलो असतो! मी आधी रेडिओ बंद करायला लावला, दिवे बंद करायला लावले, माझ्या शर्टाने ती नळी आवळली, वाफ जाईपर्यंत दारं मुद्दाम उघडी ठेवली आणि मग हाताने मिटवली. त्याला विचार, त्याने काय केलं असतं? बटण?"

हे सगळं बोलता बोलता त्यांनी अंगावरचं पांघरूण फेकलं, पाय खाली टाकले, वॉकरचा दांडा डाव्या हाताने पकडला आणि उठले. "असा! हा दांडा असा धरला, आणि हा हात असा फिरवला, असा, असा!" उजवा हात हवेत गरगर फिरतोय. मी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला, पण माझ्या हातांवर वजन येतच नव्हतं. ते स्वतःच्या पायांवर उभे होते.

एकदम थांबले. खाली पायांकडे बघितलं. "ब्लडी हेल," म्हणाले.

दारात जॅनिस दोन कॉफ्या घेऊन उभी होती. ती कप जमिनीवर ठेवून तिथेच खाली बसली.

आज ते दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. तुमच्यावर अजून भयंकर चिडलेत. आणि मला म्हणाले, "पाऊस असं मी म्हटलं आणि तुला पाणी वाटलं, यात तुझा दोष नाही. ज्याने पेट्रोलचा पाऊस पाहिला नाही त्याला पाणीच वाटणार."

अजून एक. मी विचारलं, छावणीतल्या लोकांचं पुढे काय झालं? तर लढाई संपल्यावर मेलबर्नच्या फुट्स्क्रे भागातल्या एका पबमध्ये त्यांना त्याच छावणीतून सुटून आलेला एक जण भेटला होता. तो म्हणाला, "आम्ही खंदकात पालथे पडलो होतो. तुम्ही इतक्या खालून गेलात की एकाची टोपी उडाली. त्या दिवशी आम्हाला कळलं की आपण घरी जाणार." क्लॅरींना त्याने त्या संध्याकाळी एकाही बिअरचे पैसे देऊ दिले नाहीत.

आता लिहा काय लिहायचं ते!

मयूरा


धानोरी
२४ मे २०२५

मयूराताई,

आज मी, चिन्मयी, लिहितेय. बाबांना हे पत्र दाखवलेलं नाही.

तुमचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "चिन्मयी, तो तिथे होता. ठिणगीची गोष्ट, तिथे उभा राहिलेलाच माणूस सांगू शकतो. आमच्या विमानाला कधी भोक पडलं नाही, म्हणून मला सुचलं नाही. मी त्याला अडाणी म्हटलं गं." दिवसभर जेवले नाहीत. आता माफीचं पत्र लिहायला घेतलंय, चार कागद फाडून झाले.

पण तुम्हाला एक सांगायलाच हवं. ते टेकडीवर जातात वगैरे काही खरं नाही. आई गेल्या त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून बाबा घराबाहेर पडलेले नाहीत. मध्ये एकदा बाथरूममध्ये घसरले, लागलं काही नाही, पण धास्ती बसली. लिफ्ट आहे, मी सोबत येते म्हणते, विक्रांतने मुलगा म्हणून चिडून पाहिलं, समजावून पाहिलं. "उद्या" म्हणतात. गॅलरीत खुर्ची टाकून लोहगावकडून उठणारी विमानं बघत बसतात. तुमची पत्रं यायला लागल्यापासून निदान दाढी रोज करायला लागलेत.

तुमच्या त्या आजोबांना उभं करायला बाबांचा राग उपयोगी पडला. बाबांसाठी काही करता येईल का?

चिन्मयी


ट्रुगानिना
९ जून २०२५

(मामा, हे पत्र क्लॅरींनी सांगितलं आणि मी फक्त मराठी केलं. एकही शब्द गाळलेला नाही. तुमच्या माफीच्या पत्राचं हे उत्तर. मयूरा)

बाळ विश्राम,

ब्याऐंशी म्हणजे माझ्या हिशेबाने तू अजून बाळच.

तुझी माफी पोचली. नको होती. तू मला खोटारडा म्हणालास म्हणून मी उठलो. माझी मुलगी, तीन डॉक्टर आणि तुझी भाची गोड बोलून थकली होती. तेव्हा आता मी त्याची परतफेड करतो.

तू खोटारडा आहेस. तू टेकडीवर जात नाहीस. तू गॅलरीत बसतोस. तुझ्या सुनेवर रागावू नकोस, तिने सांगितलं ते बरं केलं. माझी बायको, बेटी, गेली तेव्हा मीही दोन वर्षं पडदे लावून बसलो होतो, म्हणून मला ती खुर्ची ठाऊक आहे. ती खुर्ची आरामशीर असते आणि माणसाला खाते.

इथे माझ्या घराजवळ, जुन्या धावपट्टीच्या कडेला एका शेडमध्ये काही वेड्या लोकांनी एक लिबरेटर जुळवत आणलंय. ते उडणार नाही, पण इथल्या वसंतात, म्हणजे नोव्हेंबरात, त्याचं तीन नंबरचं इंजिन सुरू करणार आहेत. विमानात बसून ज्यांनी ते सुरू केलंय असे त्यांना दोनच जण माहीत आहेत. एक मी. दुसरा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसलाय.

मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालतो. तू जिन्यापर्यंत चालून दाखव.

क्लॅरी डनस्टन


धानोरी
१७ जून २०२५

चि. मयूरा,

त्याला सांग, आज गेलो.

आधी दोन दिवस मी चिन्मयीशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "बाबा, रागवा, पण खाली जाऊन रागवा." मला हसू आलं. पायात बूट घातले तर ते आखडले होते. लिफ्टच्या दारात उभा राहिलो, दार दोनदा उघडलं आणि मिटलं, पण आत पाऊल टाकलं नाही. तुझी मामी गेली तेव्हा तिला ह्याच लिफ्टने नेलं होतं. मी विक्रांतला ते कधी बोललो नाही. त्याला वाटत होतं मी पडायला घाबरतो.

म्हणून लिफ्ट सोडली आणि जिन्याने उतरलो. तीन मजले! कठड्याला धरून, एकेक पायरी. खाली वॉचमन उठून उभा राहिला, म्हणाला, "साहेब, गावाला गेला होता काय?" मी म्हटलं, "हो, आजच आलो." मग कोपऱ्यावरच्या टपरीवर मी आणि चिन्मयीने चहा घेतला. चहा भिकार होता. दोन कप प्यालो.

विमानाच्या तिकिटाचं काय पडतं ते विक्रांत बघतोय. मला पासपोर्ट नाही. सगळं आयुष्य विमानात काढलं आणि पासपोर्ट नाही, बोल आता.

विश्राममामा


ट्रुगानिना
१० नोव्हेंबर २०२५

चि. चिन्मयी व चि. विक्रांत,

मयूराने काल तुम्हाला व्हिडिओ पाठवलाच असेल, पण व्हिडिओत काही दिसत नाही. मी नीट लिहितो.

शेड म्हणजे मोठी पत्र्याची वखार. आत गेलो आणि समोर ती उभी. मी सगळ्यांदेखत तिच्या नाकाला हात लावला. पुण्यात शेवटच्या दिवशी लावला होता तसा. क्लॅरी वॉकर घेऊन उभाच होता. माझ्याहून हातभर उंच माणूस, वाळकं लाकूड जसं. मी खाली वाकलो तर म्हणाला, "पायाबिया पडायचं नाही. ते विमानाला कर." आणि मला मिठी मारली. इंग्रजी माझं गंजलेलं, त्याचं बोलणं नाकातून, आणि मी बहिरा. पण इंजिनाबद्दल बोलायला आम्हाला मयूरा लागली नाही.

शेडच्या प्रमुख हीदरबाई आहेत, साठीच्या, स्वतः विमान मेकॅनिक. त्यांच्या समितीचं म्हणणं, पाहुण्यांनी दोरीच्या मागे बसावं. बाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि समितीला म्हणाल्या, "एकशे एक वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षी या, असं सांगायला मला जमणार नाही. कोणाला जमत असेल त्याने सांगा." कोणी सांगितलं नाही.

वर चढायला त्यांनी लाकडी पायऱ्या केल्या होत्या. क्लॅरीने वॉकर खाली सोडला. मयूरा मागे, मी पुढे. मध्ये एकदा थांबला तेव्हा मला वाटलं आता नाही होणार. मी हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला आणि स्वतःच दांडा धरून वर आला. खाली शे-दोनशे माणसं होती, पण टाळी कोणी वाजवली नाही.

मग कामाला लागलो. पायलटच्या जागी हीदरबाई, त्यांच्यामागे क्लॅरी, आणि पेट्रोल चढवण्याचा पंप माझ्या हाती. पहिल्यांदा चाळवलं, पंखा चार वेढे फिरला, खोकला आणि बंद. दुसऱ्यांदा तेच. क्लॅरी म्हणाला पेट्रोल कमी पडतंय, मी म्हटलं जास्त झालंय. तिथल्या तिथे आमची जुंपली! हीदरबाई वळून म्हणाल्या, "जंटलमेन, बॅटरी तुमचं भांडण संपेपर्यंत टिकणार नाही." क्लॅरीने माझ्याकडे पाहिलं. "हिला तू माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतोस. तू सांग." मी म्हटलं, जरा थांबू, श्वास घेऊ दे तिला, आणि मग अगदी थोडं.

थांबलो. परत फिरवलं. एक सिलिंडर पेटला. मग दुसरा. मग निळ्या धुराचा एवढा लोट आला की खालची माणसं दिसेनाशी झाली, आणि त्या धुरातून ती गरजली, बाळांनो! सगळं अंग हललं. पायाखालचा पत्रा, दात, चष्मा. तेलाचा काटा चढला आणि जागेवर येऊन थांबला. क्लॅरीने त्या काट्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली, तिथेच, पोरगा असताना मारत असेल तशी. आणि मग त्याने घसा फोडून आरोळी ठोकली. मॅकचं नाव घेतलं, मागच्या गनरचं घेतलं, सगळ्या दहा जणांची नावं घेतली, जणू ते आपापल्या जागी बसलेत आणि याला त्यांना सांगायचंय, चालू झाली. मीही ओरडलो. काय ओरडलो ते मयूराला विचारा, मला सांगता येणार नाही.

इंजिन बंद केल्यावर मात्र टाळ्या थांबेनात. जॅनिस धुराने काळी झाली होती आणि बापाला खाली उतरवताना हसत होती. ह्या बाईला मी रडताना कधी पाहिलं नाही, मयूरा म्हणते ती पूर्वी फार रडायची.

नंतर सगळ्यांनी मीट-पाय, म्हणजे मांसाच्या कचोऱ्या, खाल्ल्या, माझ्यासाठी मयूराने बटाटेवडे आणले होते. ते क्लॅरीने संपवले.

आता महत्त्वाचं. विक्रांत, माझं परतीचं तिकीट पुढे ढकल. हीदरबाईंनी मला निळा बॉयलर सूट दिलाय आणि मंगळवार-गुरुवार माझी पाळी लावली आहे. क्लॅरी स्टुलावर बसून सूचना देणार आणि मी काम करणार, असं त्याचं म्हणणं. बघू कोण कोणाला सूचना देतो. उद्या मंगळवार. चार नंबरच्या इंजिनाचं झाकण काढायचंय.

तुमचा,
बाबा